तोड्याची बंदूक आणि शिकारीची शिस्त



‘शिस्त’ हा शब्द आपण आज शाळेच्या वर्गात, कवायतीच्या मैदानावर किंवा घरातल्या मुलांना दटावताना वापरतो. जुन्या मराठीत मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ रूढ होता. शिस्त म्हणजे बंदुकीचा नेम. ‘त्याने शिस्त धरली’ म्हणजे त्याने नेम धरला. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालीत असे ती अंगठी, आणि त्यावरून नेम. तिरंदाजाचा हा शब्द पुढे बंदूकवाल्याकडे आला, आणि बंदूक हातातून गेल्यावरही आपल्या बोलण्यात निराळ्या अर्थाने राहून गेला. त्याच्या सोबतीला आणखीही काही शब्द मागे राहिले आहेत. ज्याचा गाजावाजा होतो पण परिणाम काहीच होत नाही, त्याला आपण ‘फुसका बार’ म्हणतो. एखादी गोष्ट आग्रहाने मांडली की ती ‘ठासून’ सांगितली असे म्हणतो. दारू ठासणे, बार भरणे, बत्ती देणे, ही सारी भाषा ज्या हत्यारांच्या सहवासात वापरून गुळगुळीत झाली, त्यांतले सर्वांत घरोघरचे हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक.

या बंदुकीने शिकार कशी होत असे, हे आज मी आपणास सांगणार आहे. शिकाऱ्यांच्या पराक्रमाच्या कथा सांगण्याचा माझा हेतू नाही. मला वाटते, या हत्याराच्या अंगी जे दोष होते, त्या दोषांनीच शिकाऱ्याला एक प्रकारची शिस्त लावून दिली होती. ते दोष एकामागून एक नाहीसे झाले, तेव्हा ती शिस्तही नाहीशी झाली, आणि पुढे ती कायद्याला बाहेरून आणावी लागली. हे कसे घडले ते समजण्यासाठी आधी या बंदुकीची रचना पाहिली पाहिजे.

लोखंडाची एक लांब नळी, तिचे मागचे तोंड बंद केलेले. या बंद टोकाजवळ उजव्या बाजूस सुई जाईल एवढे एक छिद्र असते. त्याला बंदुकीचा ‘कान’ म्हणत. कानाच्या बाहेर नळीलाच जोडलेली एक लहानशी वाटी असते. तीत चिमूटभर बारीक दारू घालावयाची. ही दारू म्हणजे ‘रंजक’. रंजक वाऱ्याने उडू नये किंवा अवचित पेटू नये म्हणून वाटीवर एक फिरते झाकण बसविलेले असते. नळी लाकडी दस्त्यावर चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेने आवळलेली असते. दस्त्यात एक उभी खाच असून तीत लोखंडाचा वाकडा आकडा बसविलेला असतो. तो घोडा होय. घोड्याच्या चिमट्यात एका जळत्या दोरीचे टोक अडकवितात. ही दोरी म्हणजे तोडा, म्हणजेच जामगी. चाप ओढला की घोडा वाटीवर झुकतो, दोरीचा निखारा रंजकीला टेकतो, रंजक भडकते, तिची ज्वाळा कानातून आत शिरते, आतील दारू पेट घेते आणि गोळी सुटते. रंजक भडकली, पण कान कोंडलेला असल्यामुळे आतली दारू पेटलीच नाही, म्हणजे धूर आणि उजेड होऊन काम काहीच झाले नाही, असा प्रसंग वारंवार येई. म्हणून कान साफ करण्याची एक सुई बंदुकीलाच साखळीने टांगलेली असे.

ही युक्ती युरोपात पंधराव्या शतकात पुढे आली. आपल्याकडे ती दोन वाटांनी आली. एक वाट उत्तरेची. १५२६ साली पानिपतावर बाबराच्या सैन्यात तोफांबरोबर तोड्याच्या बंदुका होत्या. दुसरी वाट समुद्राची. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतले, आणि तेथील कारागिरांच्या हातचे काम पाहून थोड्याच वर्षांत अल्बुकर्कने आपल्या राजाकडे गोव्यात घडविलेल्या बंदुकांची तारीफ लिहून पाठविली. जपानात १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर ज्या बंदुका प्रथम गेल्या, त्यांची घडणही गोवा-मलाक्का भागातील होती, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. गोव्याकडील घडणीत घोड्याला कमान असून तो खाडकन पडे. हिंदुस्थानात इतरत्र प्रचारात आलेल्या बहुतेक बंदुकांत अशी कमान नसे. चाप जितका हळू ओढावा, तितका घोडा हळू खाली येई. या साधेपणामुळेच ही बंदूक येथे इतकी टिकली. तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि जे मोडे ते गावचा लोहार नीट करून देई.

आता दारूकडे वळू. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, असे चांगल्या दारूचे प्रमाण सांगितले जाते. गावोगावच्या दारूत ते कमीअधिक होई. कोळसा आणि गंधक हे जळणारे पदार्थ. पण बंद नळीत हवा नसताना ते जळावेत कसे? ते काम सोरा करतो. त्याच्यात प्राणवायू साठविलेला असतो, आणि तापताच तो मोकळा होतो. हा सोरा गोठ्याजवळची आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याची माती धुऊन, ते पाणी आटवून काढीत. कोळसा हलक्या लाकडाचा लागे. रुईच्या लाकडाचा कोळसा यासाठी चांगला समजला जाई. नळीत भरावयाची दारू जरा जाड कणांची, रंजकीची बारीक वस्त्रगाळ. तोडा मात्र सुताचा किंवा झाडाच्या सालीच्या वाखाचा. तो सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविला की ज्योत न धरता उदबत्तीसारखा धुमसत राहतो. दोरीच्या जाडीप्रमाणे तो तासाला वीत-दीड वीत जळतो. म्हणजे दहा तासांच्या रात्रीसाठी सहासात हात दोरी जवळ बाळगावी लागे. सावज येवो वा न येवो, ती जळतच राहावयाची.

बार भरण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. प्रथम पेटता तोडा दारूपासून दूर ठेवावयाचा. पुष्कळ अपघात याच ठिकाणी होत. एका हातात दारूचे शिंग आणि दुसऱ्या हातात निखारा, अशी ही कामगिरी. मग नळी उभी धरून तीत मापाने दारू ओतावयाची, वर कापडाचा किंवा गवताचा बोळा घालून गजाने ठासावयाचा, त्यावर गोळी, आणि गोळी घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. नळीत घातलेला गज बाहेर किती बोटे उरतो, यावरून बार किती भरला आहे ते समजे. ‘चार बोटे बार’ हे माप त्यावरूनच आलेले. नंतर कानात सुई फिरवावयाची, वाटीत रंजक घालून झाकण लावावयाचे, तोड्यावरची राख फुंकून निखारा लाल करावयाचा आणि टोक घोड्यात अडकवावयाचे. सराईत हातालाही या साऱ्याला अर्धा-पाऊण मिनिट लागे. रात्रीच्या काळोखात आणि छाती धडधडत असताना ते किती लांबे, याची कल्पना आपण करू शकता.

नळी आतून गुळगुळीत असे, आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान. त्यामुळे ती आत आपटत बाहेर पडे आणि दूरवर सरळ जाईलच याची खात्री नसे. लांब नळी, जड दस्ता आणि खाली टेकायला लाकडाचे दुबेळके असले, तरी एका जनावरावर भरवशाने गोळी टाकावयाची तर चाळीस-पन्नास पावलांच्या आत यावे लागे. शिवाय चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणाचा एक अंश जाई. आधी वाटीत भपका, मग नळीत स्फोट. हा अंश लहान, पण हरणाच्या कानाला आणि डोळ्याला तो पुरेसा असतो. भपक्याचा उजेड दिसताच जनावर दचके, आणि गोळी ते जेथे होते तेथे जाई. म्हणून धावत्या जनावरावर किंवा उडत्या पाखरावर या बंदुकीने बार टाकणे बहुधा व्यर्थ असे. सावज उभे हवे, निर्धास्त हवे आणि जवळ हवे.

या तीन अटींतून शिकारीची सारी पद्धत ठरली. गावचा शिकारी उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसे. इतर पाणी आटलेले, एकच डोह शिल्लक राहिलेला, अशी जागा तो निवडी. दिवसा जाऊन पावले पाही. कोणते जनावर कोणत्या वाटेने उतरते, पाणी पिऊन कोणत्या बाजूस वळते, याचा तो अभ्यास करी. मग वाऱ्याची दिशा पाहून, जनावराच्या वाटेवरून आपल्याकडे वारा येईल अशा बेताने, काट्याकुट्यांची लपण करी किंवा झाडावर माळा बांधी. वारा फिरला की त्या दिवसाची शिकार संपली, कारण माणसाच्या वासाबरोबर जळत्या तोड्याचाही वास रानात पसरे. तोड्याचा निखारा अंधारात दुरून दिसतो, म्हणून तो ओंजळीआड, मडक्यात किंवा दस्त्यामागे झाकून धरावा लागे. खोकणे नाही, हलणे नाही, डास चावला तरी हात उचलणे नाही. दर थोड्या वेळाने मात्र राख हलकेच फुंकून निखारा जागा ठेवावयाचा. अशा रीतीने रात्री काढून, पुष्कळदा काहीही न मारता, तो पहाटे घरी येई.

उघड्या माळावर काळविटाजवळ जाण्याची दुसरी युक्ती होती. गुरे आणि बैलगाड्या नेहमी पाहून जनावरे त्यांना भीत नाहीत. शिकारी शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने, किंवा गाडीच्या आडून, सरळ कळपाकडे न जाता वळसे घेत घेत जवळ सरके, आणि बैल थांबला की त्याच्या आडून शिस्त धरी. कानाजवळ बार झाला तरी न बुजणारा बैल तयार करणे हीच एक मोठी विद्या होती.

आणि एवढे करून बार एकच. तो झाल्याबरोबर पांढऱ्या धुराचा लोट समोर पसरे, कारण काळी दारू जळाली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर व काजळी होऊन राहतो. गोळी लागली की नाही हे धूर विरेपर्यंत कळत नसे. सांबर किंवा भेकर असले तर फार तर हातचे गेले. पण रानडुक्कर, अस्वल किंवा वाघ असला, तर त्या पाऊण मिनिटात शिकाऱ्याच्या हातात लोखंडाच्या काठीपलीकडे काही उरत नसे. म्हणून जाणता शिकारी शंका असली की बार टाकीतच नसे.

मी याला शिस्त म्हणतो, पण तिला दया म्हणू नये. या बंदुकीने जनावर जागच्या जागी पडेच असे नाही. पुष्कळ जनावरे जखमी होऊन रानात शिरत आणि दोन-दोन दिवस तडफडत. जखमी वाघ किंवा डुक्कर गावाच्या वाटेवर राहिले, तर त्याची किंमत लाकूडफाट्याला गेलेल्या बाईला किंवा गुराख्याला द्यावी लागे. नळी फुटून शिकाऱ्याचीच बोटे किंवा डोळा जाई. एवढेच खरे, की या हत्याराने एकट्या माणसाच्या हाती फार थोडे दिले होते. त्या थोड्यासाठी त्याला रान ओळखावे लागे, वारा ओळखावा लागे, आणि बहुतेक रात्री रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी लागे.

एकट्या माणसाच्या हाती, असे मी मुद्दाम म्हटले; कारण राजाची गोष्ट वेगळी होती. अकबर बादशहाला बंदुकीचे अतिशय वेड. नळी कशी घडवावी, लोखंडाचा पत्रा तिरका गुंडाळून कड कडेवर कशी बसवावी, यांत तो स्वतः लक्ष घालीत असे. सोळा नळ्या एकदम साफ करणारे, जनावराकडून फिरविले जाणारे एक चाक त्याने तयार करविले होते, हे अबुल फज़लच्या ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे. त्याच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडावर त्याने हीच बंदूक झाडली असे सांगतात. या एका बंदुकीने १,०१९ जनावरे मारली गेल्याची नोंद अबुल फज़लने ठेवली आहे.

त्याचा मुलगा जहांगीर याने तर स्वतःच्या आत्मचरित्रात हिशेबच मांडला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या सुमारापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे व पक्षी मारले गेले, आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वतःच्या हाताने बंदुकीने वा इतर प्रकारे मारले, असे तो लिहितो. त्यांत ८६ ‘शेर’ होते, म्हणजे वाघ किंवा सिंह. बंदूक तीच, तोडाही तोच, मग हा आकडा कोठून आला? तो माणसांतून आला. बादशहाने एक बार टाकला की दुसरी भरलेली बंदूक हातात द्यावयास सेवक उभे. सावज शोधावयास शिकारखान्याचे लोक, रान वेढावयास फौज. फ्रेंच प्रवासी बर्निये याने औरंगजेबाच्या काळची शेराची शिकार वर्णिली आहे. आधी शेराला आमिष म्हणून गाढव बांधीत, त्या गाढवाला अफू चारीत, म्हणजे ते खाऊन शेर सुस्त होई. मग सभोवार जाळी लावीत, आणि बादशहा हत्तीवरून येऊन बंदूक झाडी. पाणवठ्यावर रात्र काढणाऱ्या शिकाऱ्याला जी जवळीक आपल्या संयमाने मिळवावी लागे, ती येथे शेकडो माणसांच्या राबण्याने मिळत असे.

तरीही नेमाचे कौशल्य नाकारता येत नाही. १६१७ साली बादशाही मुक्काम माळव्यात मांडू येथे असताना नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार शेर पाडले, एकही गोळी वाया गेली नाही, आणि जहांगिराने तिच्यावरून मोहरा उधळल्या. पुढे १६१९ साली मथुरेजवळ तिने एका गोळीत शेर मारला तेव्हा जहांगीर लिहितो, की शेराचा वास आला म्हणजे हत्ती स्थिर राहत नाही, आणि अंबारीतून नेम साधणे फार कठीण असते. वाटीतली रंजक, घोड्यावरचा निखारा आणि पायाखाली डोलणारा हत्ती, हे सारे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रशंसेत अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याच आत्मचरित्रात दुसरेही एक पान आहे. नीलगाय बंदुकीच्या टप्प्यात आली असताना एक मोतद्दार आणि दोन कहार अवचित पुढे आले, आणि जनावर पळाले. संतापलेल्या बादशहाने त्या मोतद्दाराला जागीच ठार करविले आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडावयास लावल्या. रिकाम्या हाताने परतणे ज्याला कधी शिकावे लागले नाही, त्याच्या हाती तीच बंदूक काय होते, ते येथे दिसते. याच जहांगिराने पन्नाशीनंतर स्वतःच्या हाताने प्राण्यास इजा न करण्याचा नवस केला होता. १६१९ मध्ये बंदूक नूरजहानच्या हाती देण्याचे कारण हेच. बंदुकीने जी मर्यादा त्याला घातली नाही, ती त्याला व्रत म्हणून स्वतःवर घालून घ्यावी लागली.

युरोपात सतराव्या शतकात तोड्याची जागा चकमकीने घेतली. आपल्याकडे मात्र तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला, कारण तो स्वस्त होता आणि गावात बनत होता. त्याचा खरा शेवट ज्या शोधाने झाला, तो शोधही शिकारीतूनच निघाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका धर्मोपदेशकाला पाखरांच्या शिकारीची आवड होती. चकमकीच्या बंदुकीतही वाटीत आधी भपका होतो, आणि तो पाहून पाखरे सावध होतात, याने तो त्रासला. आघाताबरोबर पेटणारा पदार्थ वापरून त्याने हा भपका नाहीसा केला, आणि १८०७ साली त्या युक्तीचा हक्क नोंदविला. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. जनावराला मिळणारा तो क्षणाचा अंश येथे संपला. नंतर मागून काडतूस भरण्याची बंदूक आली, आणि पाऊण मिनिटाचे काम दोन-तीन सेकंदांवर आले. आटे पाडलेल्या नळीने चाळीस पावलांचे दोनशे पावले केली. बिनधुराच्या दारूने समोरचा लोट हटविला. पुढे मोटार आली, तिचे दिवे आले, आणि रात्रही शिकाऱ्याच्या बाजूची झाली.

मग पूर्वी जे केवळ बादशहाला फौजेच्या बळावर साधत होते, ते बंदूक विकत घेऊ शकणाऱ्या कोणालाही साधू लागले. संस्थानिक, साहेबलोक, कंत्राटदार, सुटीवर आलेले पाहुणे, सर्वांच्याच शिकारीचे आकडे फुगत गेले. १९४७ साली, आज छत्तीसगढात असलेल्या कोरिया संस्थानात, रात्री मोटारीतून जाताना तेथील राजाने तीन चित्ते मारले. देशातील अखेरचे चित्ते म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखविले जाते. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. चित्ता केवळ बंदुकीने संपला असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्याची माळराने नांगराखाली गेली, आणि शिकारीसाठी पाळावयास म्हणून शतकानुशतके तो पकडला गेला. वडोदऱ्यासारख्या संस्थानांत काळविटावर चित्ता सोडण्याची शिकार विसाव्या शतकातही चालत असे. परंतु जे थोडे उरले होते, त्यांना त्या रात्री सावध होण्याइतका क्षणही मिळाला नाही, हेही तितकेच खरे. २०२२ साली नामिबियाहून आणलेले आठ चित्ते जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखातील कुनोच्या रानात सोडले गेले. एकदा गेलेली जात परत आणावयाची म्हणजे समुद्रापलीकडून आणावी लागते.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीला परवाना आला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली. परंतु एक प्रश्न तोड्याच्या काळापासून आजवर शिल्लक आहे. तो शेतकऱ्याचा. गावच्या शिकाऱ्याने पाणवठ्यावर काढलेल्या रात्रींतल्या कितीतरी रात्री हौसेच्या नव्हत्या. डुकरांनी एका रात्रीत उद्ध्वस्त केलेले भाताचे किंवा भुईमुगाचे शेत ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगावयास नको. कोकणात आणि गोव्यात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आजही घराघरांतून आढळते. तिच्यात तोडा नाही, टोपी आहे. पण दारू तोंडातूनच भरावी लागते, आणि बार एकच. उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक झालेल्या काही प्राण्यांच्या बाबतीत अधिकाऱ्याने लेखी परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्यातही आहे. ती किती द्यावी, कोणाला द्यावी आणि कशा रीतीने अंमलात आणावी, यावर गावोगाव वाद आहेत. रात्रभर जागून पीक राखणारा शेतकरी आणि रान राखू पाहणारा, दोघांचेही म्हणणे खरे आहे. एवढे मात्र जुन्या अनुभवावरून सांगता येईल, की राखणीची शिकार आणि हौसेची शिकार यांतला भेद पूर्वी हत्यारानेच बराचसा राखला होता. आता तो माणसालाच राखावयाचा आहे.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात, आणि इतरही ठिकाणी जुनी शस्त्रे मांडून ठेवलेली आहेत. तेथे तोड्याची बंदूक दिसली तर आपले लक्ष प्रथम नळीवरच्या सोन्याच्या वेलबुट्टीकडे किंवा तोंडाशी कोरलेल्या वाघाच्या मुखाकडे जाईल. ते पाहून झाले म्हणजे नळीच्या मागच्या टोकाकडे पाहावे. तेथे एक लहानशी वाटी असेल, आणि वाटीच्या तळाशी सुईच्या जाडीचे एक छिद्र. त्या छिद्रातून ज्वाळा आत जावयास जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळात हरणाने मान उचललेली असे. शिकाऱ्याला ते ठाऊक होते, आणि म्हणूनच शिस्त धरण्यापूर्वी तो पुष्कळ वेळ थांबत असे.